अंगठीतलं मॉइसॅनाइट उल्केतून आलेलं नाही

लग्नसराई तोंडावर आली की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो: मॉइसॅनाइट हा उल्केतून आलेला खडा, पृथ्वीवर मिळतच नाही, हिऱ्याच्या मशीनवर पास होतो, म्हणून हिऱ्यापेक्षा मौल्यवान. लक्ष्मी रोडवर अंगठी घ्यायला निघालेल्यांचे पैसे यात अडकतात, म्हणून हे लिहितोय.

‘उल्केतून आलेला’ यात थोडं तथ्य आहे. १८९३ मध्ये आंरी मॉइसाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला ॲरिझोनातल्या कॅन्यन डायब्लो उल्केत हे स्फटिक दिसले. आधी त्याला ते हिरेच वाटले. पुढे ते सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे सिलिकॉन आणि कार्बनचं संयुग, असल्याचं ठरलं; त्यालाच मॉइसॅनाइट म्हणतात. पण उल्केत सापडतात ते बारीक कण. अंगठीतला खडा कारखान्यातल्या भट्टीत वाढवलेला असतो.

आणि त्या कणांची खरी गोष्ट मेसेजपेक्षा कितीतरी मोठी आहे! १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन इथे पडलेल्या उल्केत सिलिकॉन कार्बाइडचे असे कण मिळाले, जे सूर्याच्याही आधीचे आहेत. म्हाताऱ्या, कार्बनने भरलेल्या ताऱ्यांनी बाहेर टाकलेल्या वायूत ते गोठले. सूर्याचं वय सुमारे ४६० कोटी वर्षं. यातल्या काही कणांचं ७०० कोटींच्या आसपास भरतं. हे प्रयोगशाळेत जपायचं धन आहे, कोंदणात बसवायचं नाही.

‘पृथ्वीवर मिळत नाही’ हे साफ खोटं. हिरे ज्यात मिळतात त्या किंबरलाइट खडकात, अगदी हिऱ्याच्या पोटातही तो सापडलाय. कृत्रिम तर ढिगाने: भोसरीच्या वर्कशॉपमध्ये कार्बाइडच्या टूलला धार लावायचं हिरवं ग्राइंडिंग व्हील याच पदार्थाचं असतं.

राहिलं मशीन. पेनासारखं साधं टेस्टर खडा उष्णता किती झटकन वाहून नेतो एवढंच बघतं. मॉइसॅनाइट त्यात हिऱ्याच्या जवळ जातं, म्हणून टेस्टर त्याला हिरा समजून वाजतं. त्याऐवजी सराफाकडून दहापट मोठं दाखवणारं भिंग मागा. खडा जरा तिरका धरा आणि वरच्या पैलूतून खालच्या पैलूंच्या कडा बघा. मॉइसॅनाइटमध्ये प्रकाश दुभंगतो, त्यामुळे एका कडेच्या दोन दिसतात. हिऱ्यात एकच दिसते.

खडा म्हणून मॉइसॅनाइट उत्तमच आहे. काठिण्य दहापैकी सव्वानऊ (हिऱ्याचं दहा), रंगांची उधळण हिऱ्याच्या दुपटीहून जास्त. आवडलं तर खुशाल घ्या, फक्त प्रयोगशाळेत बनवलेल्या खड्याच्या भावात घ्या आणि बिलावर तसं स्पष्ट लिहून घ्या.