केस लावून आल्यावरचा दुसरा-तिसरा महिना

हेअर ट्रान्सप्लांट करून आलेल्या माणसाची पहिले दहा दिवस घरात बडदास्त असते. क्लिनिकचेही फोन येतात. खरी घालमेल सुरू होते पुढे, लावलेले केस उशीवर आणि टॉवेलवर दिसायला लागतात तेव्हा. आरशात डोकं ऑपरेशनच्या आधीपेक्षाही विरळ दिसतं. भावकीत कुणीतरी विचारतंच, "काय दाजी, पैसे पाण्यात गेले का?" आणि क्लिनिकवाले म्हणतात, होईल नीट, धीर धरा. का धीर धरायचा आणि किती, हे मात्र सांगत नाहीत. माझं ठाम मत आहे की हा काळ पैसे भरण्याआधीच पेशंटला लेखी समजावून सांगितला पाहिजे. सगळ्यात जास्त चुकीचे निर्णय याच काळात होतात.

आधी मुळाचं बघू. डोक्याच्या मागच्या भागातून मुळासकट काढलेला केसांचा बारीक पुंजका म्हणजे ग्राफ्ट, त्यात एक ते चार केस असतात. तो काढला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो, काही तास तो बाहेर राहतो, मग नव्या जागी बसतो. या धक्क्याने मूळ विश्रांतीत जातं आणि वरची काडी सोडून देतं. म्हणून साधारण दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात लावलेले बहुतेक केस गळतात. मूळ कातडीखाली शाबूत असतं. तीन-चार महिन्यांनी ते पुन्हा काडी तयार करतं. ती सुरुवातीला बारीक, वाकडी, कोरडी असते आणि हळूहळू जाड होते. सहाव्या महिन्यात अर्ध्याच्या आसपास चित्र दिसतं, पुढच्या भागाचा निकाल बारा महिन्यांनी आणि टाळूवरच्या भोवऱ्याचा पंधरा ते अठरा महिन्यांनी. भोवरा सगळ्यांचाच उशिरा भरतो.

गळलेला केस आणि निघालेला ग्राफ्ट यांतला फरक एकदा कळला की निम्मी भीती जाते. पहिल्या काही दिवसांत ग्राफ्ट खरंच उपटला गेला तर त्या जागी रक्त येतं आणि केसाच्या टोकाला ओलसर मांसल तुकडा दिसतो. तसं दिसलं तर कापूस घासू नका, निर्जंतुक गॉजने हलका दाब द्या आणि डॉक्टरांना कळवा. दहाव्या दिवसानंतर खपलीसोबत केस निघाला, टोकाला छोटा पांढुरका गोळा आहे पण रक्त नाही, तर ती नुसती काडी आहे. तोपर्यंत मुळं घट्ट धरलेली असतात.

सूजही घाबरवते. बधिर करायला टोचलेलं द्रव खाली उतरतं, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळ आणि डोळे सुजतात. काहींचे डोळे जवळजवळ मिटतात. ताप नसेल, दुखणं वाढत नसेल तर आठवड्यात ती आपोआप ओसरते. बर्फ कपाळावर चालतो, ग्राफ्टवर अजिबात नाही. पहिले सहा-सात दिवस पाठीवर झोपायचं आणि डोकं अंगापेक्षा बरंच उंच ठेवायचं. पाठीमागे लोड, त्यावर दुमडलेली गोधडी आणि मानेला प्रवासातली गोल उशी, असं केलं की झोपेत कूस वळत नाही. पुण्याला किंवा हैदराबादला ऑपरेशन करून त्याच रात्री स्लीपर गाडीने नांदेडला-लातूरला परतणारे खूप आहेत. ते टाळा. अरुंद बर्थवर गाडी खड्ड्यात आदळली की डोकं वरच्या फळीला लागतं. एक रात्र तिथेच मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी मागे झुकणाऱ्या सीटवर बसून या.

धुण्याबद्दल जरा सविस्तर, कारण चुका तिथेच होतात. पहिलं धुणं साधारण 48 ते 72 तासांनी, क्लिनिकने दिलेल्या वेळेनुसार. तोवर दिलेलं सलाईन जागेपणी दर एक-दोन तासांनी लांबून फवारायचं. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, फेस होत नाही आणि वाळल्यावर पांढरा थर बसतो. उन्हाळ्यात टँकरचं, टाकीत साठलेलं पाणी आलं तर त्याचा भरवसाच नाही. म्हणून पहिले दहा-बारा दिवस जारचं किंवा उकळून गार केलेलं पाणी वापरा. एका वेळी दीड-दोन लिटर पुरतं. बेबी शाम्पूचा फेस तळहातावर करून टाळूवर नुसता टेकवायचा, दोन-तीन मिनिटं ठेवायचा आणि मगने अलगद पाणी सोडायचं. शॉवरची धार नको. टॉवेलने पुसायचं नाही, वाळू द्यायचं.

आठव्या ते दहाव्या दिवसापासून, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, फेस पाच-दहा मिनिटं ठेवून खपल्या भिजवायच्या. मग बोटांच्या पेरांनी हलकं गोल फिरवायचं, नखं लावायची नाहीत. रव्याच्या दाण्याएवढ्या त्या खपल्या मऊ होऊन पेरांखाली सुटतात आणि खालची गुलाबी कातडी दिसते. चौदाव्या दिवसापर्यंत डोकं स्वच्छ व्हायला हवं. भीतीपोटी तीन-तीन आठवडे हात न लावणारे कमी नाहीत. मग खपल्यांचा कडक थर बसतो, खाली घाम आणि पू साठतो, खाज सुटते आणि झोपेत नख लागतं. अति जपणंही इथे नडतं.

आपल्या हवामानाचा विचार ऑपरेशनची तारीख ठरवतानाच व्हावा. एप्रिल-मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा चाळिशीच्या पुढे असतो, त्यात वीज गेली की घाम थांबत नाही. शक्य असेल तर दिवाळी ते महाशिवरात्र हा काळ निवडा. नाजूक टाळूवर ऊन लागलं की लाली लांबते आणि काळपट डाग राहतात, त्यामुळे पहिले तीन महिने उघड्या डोक्याने दुपारी बाहेर पडू नका. सैल टोपी किंवा सुती रुमाल दहा दिवसांनंतर, तोही डॉक्टरांना विचारून. सोयाबीन-तुरीच्या मळणीचा भुसा अंगावर येतो ते काम पहिला महिना दुसऱ्याला द्या. हेल्मेट काढताना ग्राफ्ट बाजूला ओढले जातात, म्हणून किमान दोन आठवडे दुचाकीच नको. विना हेल्मेट चालवतो म्हणणं हा मार्ग नव्हे. पहिल्या दहा दिवसांत लग्न असेल तर मागे बसा. अक्षता, हळद, जत्रेतला भंडारा यांपैकी काहीच टाळूवर पडता कामा नये.

तंबाखूबद्दल स्पष्ट लिहितो. बिडी-सिगारेटमधलं आणि चुन्यासोबत मळलेल्या तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं. नव्या जागी बसलेल्या मुळाला रक्तच कमी पोचतं. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर निदान काही आठवडे पूर्ण बंद, गुटखा-खर्रासुद्धा. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणल्याशिवाय तारीख घेऊ नका. आईच्या हाताचं खोबरेल पहिला महिना बाजूला ठेवा. कांद्याचा रस, लसूण, गावठी लेप यांनी कच्ची टाळू भाजते, ते कधीच नको.

दोन ते चार महिन्यांच्या काळात आणखी काही गोष्टी दिसतात. टाळू बधिर वाटते, मुंग्या येतात. आठवडे, कधी महिने राहतं आणि जातं. आधीचे शेजारचे केसही धक्क्याने गळतात. त्यातले सशक्त परत येतात, मरणपंथाला लागलेले बारीक केस येतीलच असं नाही. मागच्या बाजूचे उरलेले केसही धक्क्याने गळून ठिगळं दिसतात, ती बहुधा तीन-चार महिन्यांत भरतात. मागून प्रमाणाबाहेर ग्राफ्ट काढले असतील तर मात्र तो विरळपणा कायमचा. नवे केस कातडीतून वर येताना पुटकुळ्या येतात. एक-दोन असतील तर कोमट पाण्याचा शेक पुरतो, फोडायच्या नाहीत. पसरल्या, दुखायला लागल्या तर औषध लागतं.

दुसऱ्या महिन्यात निराश होऊन औषधं बंद करणं ही मला सगळ्यात महागडी चूक वाटते. लावलेले केस मागच्या भागातले, टक्कल पाडणाऱ्या डीएचटी या हार्मोनला बऱ्यापैकी दाद न देणारे. मधले जुने केस मात्र अजूनही त्याच्याच तडाख्यात असतात. ते राखायला फिनास्टेराइडची 1 मिग्रॅची गोळी आणि टाळूवर लावायचं मिनॉक्सिडिल दिलं जातं. ते थांबलं की काही वर्षांत पुढे लावलेली रांग उरते, मागे मोकळं मैदान, आणि दोष ऑपरेशनला लागतो. फिनास्टेराइडने काहींना लैंगिक तक्रारी येतात, काहींचं मन खिन्न होतं. ते लपवू नका, डॉक्टरांना सांगा. मुलासाठी प्रयत्न चालू असतील तेही आधी सांगा. घरात गरोदर स्त्री असेल तर तुटलेल्या गोळीला तिचा हात लागू देऊ नका. प्रोस्टेटसाठीची पीएसए ही रक्ततपासणी करताना ही गोळी चालू असल्याचं सांगायचं, कारण तिच्यामुळे आकडा जवळपास निम्मा दिसतो. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिले काही आठवडे गळती वाढते, ती अपेक्षितच असते. जखम भरेपर्यंत ते टाळूवर लावायचं नाही.

शंका मोजायची तर फोटोने मोजा. दर महिन्याच्या एक तारखेला, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, कोरड्या केसांचे चार फोटो: समोरून, वरून, दोन्ही बाजूंनी. तुलना ऑपरेशनआधीच्या फोटोशी करायची. ट्यूबलाइटखाली ओल्या केसांचा फोटो कुणाचंही टक्कल दाखवतो. दुसऱ्याच्या चौथ्या महिन्याशी स्वतःचा चौथा महिना लावून बघू नका. केसाची जाडी, रंग, वळण वेगळं असतं. दिवसातून वीस वेळा आरसा होत असेल, झोप उडाली असेल, लोकांत जाणं बंद झालं असेल तर त्यावर मदत घेणं हाही इलाजाचाच भाग आहे, मानसोपचार डॉक्टरांना भेटायला लाजू नका.

काही शंका मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायला लावणाऱ्या असतात. ताप, पू, वाढत जाणारी वेदना, टाळूवर काळा पडत चाललेला डाग. काळा डाग म्हणजे तिथल्या कातडीला रक्त पोचत नाही, थांबायला वेळ नसतो. ऑपरेशन दूरच्या शहरात झालं असेल तर जवळच्या त्वचारोग तज्ज्ञाकडे जा. छत्रपती संभाजीनगर (घाटी), नांदेड, लातूर, अंबाजोगाई इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजांच्या ओपीडीत दाखवता येतं. आणि बारा महिन्यांनी (भोवऱ्यावर अठरा महिन्यांनी) मोठे पट्टे रिकामे असतील, पुढच्या रेषेत जाड झुपके दिसत असतील किंवा केस भलत्याच दिशेने उगवत असतील, तर तो तुमच्या मनाचा खेळ नाही. ग्राफ्ट काढताना कापले गेले, बाहेर वाळले, किंवा सांगितले तेवढे लावलेच नाहीत, यांपैकी काहीही घडलेलं असू शकतं. तरीही दुसऱ्या ऑपरेशनची घाई नको, दहा-बारा महिन्यांच्या आत चांगला सर्जन हात लावत नाही. मागचा साठा मर्यादित असतो, तिथून काढलेलं मूळ तिथे पुन्हा उगवत नाही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलंय की ही शस्त्रक्रिया प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरनेच करायची आणि यूट्यूब बघून शिकणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. त्यामुळे पैसे भरण्याआधी डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक मागा, काप कोण घेणार ते विचारा. ऑपरेशननंतरच्या कार्डावर एकूण ग्राफ्ट, त्यातले एक, दोन, तीन केसांचे किती, आणि आधीचे फोटो घ्या. पहिल्या, चौथ्या, आठव्या आणि बाराव्या महिन्याची तपासणी पॅकेजमध्ये आहे का, ती कोण करणार आणि मधे त्रास झाला तर कोणत्या नंबरवर डॉक्टर स्वतः बोलतील, हे पैसे भरण्याआधीच कागदावर लिहून घ्या. लिहून द्यायला जे क्लिनिक टाळाटाळ करतं, तिथे ॲडव्हान्स भरू नका.