युद्ध पुन्हा पेटलं म्हणून सगळा खर्च वाया?

‘श्रीलंकेत नॉर्वेने शांततेसाठी ओतलेला पैसा वाया गेला, कारण शेवटी युद्ध झालंच’ हे तुमच्याकडे छापून आलेल्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. नॉर्वेच्या मध्यस्थीने श्रीलंका सरकार आणि तमिळ बंडखोर (एलटीटीई) यांच्यात झालेला 2002 चा युद्धविराम मोडला आणि 2009 मध्ये निकाल रणांगणावर लागला, हे खरं. पण मधल्या शांत काळात जे जीव वाचले ते कुठल्या रकान्यात धरायचे? शिवाय नॉर्वेने या प्रयत्नांची बाहेरच्या अभ्यासकांकडून तपासणी करून घेतली आणि 2011 मध्ये ती जाहीरही केली. स्वतःच्या अपयशाचा असा हिशेब मांडायला धाडस लागतं. लेखात त्याचा उल्लेखही नाही!

मी करवीर तालुक्यातल्या आमच्या गावच्या तंटामुक्त समितीत होतो. मिटलेले तंटे नोंदवहीत यायचे. पण बांधावरून भावकीत कुऱ्हाडी निघायच्या आधीच थोरल्यांनी दोघांना समोर बसवून विषय थांबवला, तर त्याची नोंद काय करणार? म्हणून वर्षा-दोन वर्षांनी त्याच घरांत जाऊन विचारायला हवं, पाण्याची पाळी सुरळीत चाललीय का, एकमेकांच्या लग्नाला जाता का. परदेशी मदतीचं मूल्यमापनही असंच व्हावं. युद्धाची झळ सोसलेल्या जाफना, बट्टिकलोआच्या लोकांचं त्या खर्चाबद्दल काय मत आहे, तेही लेखकाने लिहावं.