जीएसटी नंबर घेतला की माल १८ टक्के महाग? आधी हिशोब तर करा

घरगुती धंदे करणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. त्यात म्हटलंय की जीएसटी नंबर घेतला की तुमचा माल लगेच १८ टक्के महाग होतो आणि गिऱ्हाईक बिननंबरवाल्याकडे जातं, वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नंबर लागतच नाही त्यामुळे ऑनलाइन कुठेही बिनधास्त विका, मोठ्या कंपन्यांना याचा काही त्रास नाही, मार्केटप्लेस (ॲमेझॉन-मीशोसारखी विक्रीची साइट) टीसीएस म्हणून तुमचे पैसे कापतो, आणि एकदा नंबर घेतला की त्यातून सुटका नाही. मी अकाउंट्सची कामं करते. चांगल्या ऑर्डरी येत असताना असलं काहीतरी वाचून लोक हात आखडता घेतात, ते बघवत नाही म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

सगळ्यात आधी ते १८ टक्के. सरसकट १८ टक्के हा आकडा कुठून आला देव जाणे. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांचा स्लॅब जवळपास गेलाच, २,५०० रुपयांपर्यंतचे कपडे ५ टक्क्यांत आहेत, फरसाण-चिवडा ५ टक्क्यांत, अंगाचा साबण, खोबरेल-केसांचं तेल ५ टक्क्यांत. आणि पापड, कुंकू, काचेच्या बांगड्या, मातीच्या पणत्या यांवर तर शून्य, नुसता असा करमुक्त मालच विकत असाल तर नंबर घ्यायची गरजच नाही, विषय संपला.

पण खरी गोम दराच्या पुढे आहे. टॅक्स लागतो म्हणजे तेवढा माल महाग होतो हे गणितच चुकीचं आहे, कारण नंबर असला की तुम्ही खरेदीवर भरलेला जीएसटी वजा मिळतो, यालाच क्रेडिट म्हणतात. समजा एक कुर्ती तुम्ही ऑनलाइन ६३० ला विकताय. त्यात ६०० माल आणि ३० जीएसटी. होलसेलवाल्याकडून ती ३४० अधिक १७ अशी ३५७ ला आणली. मार्केटप्लेसचं कमिशन आणि डिलिव्हरी धरून ७० रुपये, त्यावर १८ टक्क्यांनी १२ रुपये ६० पैसे (कमिशनवरचा हा जीएसटी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, पण तो प्रत्येक ऑर्डरला कापला जातो). आता तुम्ही सरकारला देणं लागता ३०, आणि तुमचं क्रेडिट १७ अधिक १२.६०, म्हणजे २९.६०. खिशातून गेले चाळीस पैसे! बिननंबरवाला तीच कुर्ती त्याच ६३० ला विकतो तेव्हा त्याला ३५७ आणि ८२.६० पूर्ण अंगावर घ्यावे लागतात, त्याला उरतात १९०.४० आणि तुम्हाला १९०. हाच तो गिऱ्हाईक पळवणारा फरक. तुमचं कमिशन आणि खरेदीचा भाव वेगळा असेल तर आकडे हलतील, पण माल आणून विकणाऱ्याच्या बाबतीत फरक असा दोन-पाच रुपयांत खेळतो, शंभरात नाही.

आता जिथे मेसेज थोडासा खरा आहे तेही सांगते. ज्यांच्या मालात स्वतःची मेहनतच जास्त आहे त्यांना वजा करायला क्रेडिट फारसं नसतं. चकलीचं उदाहरण घ्या, ४२० रुपये किलो, त्यात जीएसटी २०. सुटं डाळ-तांदूळ घेतलं तर त्यावर जीएसटी नाही, तेलावर ५ टक्के, म्हणजे क्रेडिट चार-पाच रुपये, बाकी पंधराएक रुपये किलोमागे खरंच जातात, आणि समोर घरगुती गिऱ्हाईक असल्याने त्याला तुमच्या बिलावरच्या जीएसटीचा काही उपयोग नाही. रेझिनचे ट्रे, किचेन असल्या १८ टक्केवाल्या मालात तर हा मार जोरात बसतो. अशांनी राज्यातल्या राज्यात विकत असतील आणि उलाढाल मर्यादेत असेल तर बिननंबर राहिलेलंच बरं. किंवा कंपोझिशन, म्हणजे लहान धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना, बघा, दीड कोटीपर्यंत उलाढालीवर १ टक्का, म्हणजे त्या चकलीवर किलोला ४ रुपये २० पैसे. क्रेडिट मिळत नाही, बिलात टॅक्स लावता येत नाही, राज्याबाहेर विकता येत नाही, पण अशा धंद्याला ते अंगाला बसतं.

मग ते ४० लाखांचं. हा मुद्दा सगळ्यात घातक आहे कारण तो अर्धा खरा आहे. मालासाठी ४० लाखांची मर्यादा आहे, महाराष्ट्रात आणि गोव्यातही. मार्केटप्लेसवर विकायला आधी पहिल्या रुपयापासून नंबर सक्तीचा होता, १ ऑक्टोबर २०२३ पासून बिननंबरवाल्यांनाही परवानगी मिळाली, पण जीएसटी पोर्टलवर पॅन देऊन एनरोलमेंट नंबर काढायचा आणि फक्त आपल्या राज्यात विकायचं, या अटीवर. कोल्हापूरची बाई नागपूरला पार्सल पाठवू शकते, पण तासाभरावरच्या निपाणीला नाही. सावंतवाडीवाल्याला पणजी बंद. आणि हे फक्त मार्केटप्लेसपुरतं नाही हो, इन्स्टावर ऑर्डर घेऊन स्वतः कुरिअर केलं तरी करपात्र माल राज्याबाहेर गेला की पहिल्या पार्सलपासून नंबर लागतो, अधिसूचनेत नाव असलेल्या हस्तकलेच्या वस्तू तेवढ्या सोडल्या तर. मेसेजवर विसंबून बेळगावला माल पाठवणाऱ्याला दंड झाला तर तो दहा हजारांपासून सुरू होतो, ते मेसेज लिहिणारा भरणार नाहीये.

मोठ्या कंपन्यांना त्रास नाही म्हणे. दर त्यांनाही तोच आहे. ते स्वस्त विकतात कारण खरेदी गाडीभर असते आणि कुरिअरचा रेट पाडून घेतात, त्याचा नंबर घेण्या-न घेण्याशी संबंध नाही. उलट एखाद्या ऑफिसला दिवाळीचे गिफ्ट बॉक्स द्यायचे असतील तर ते पहिलं विचारतात जीएसटी बिल मिळेल का, कारण बऱ्याच मालावर त्यांना क्रेडिट नसलं तरी अकाउंट्सवाल्यांना पक्कं बिल हवं असतं. तिथे बिननंबरवाला दारातच अडतो.

टीसीएसची, म्हणजे विक्रीच्या पैशातून आधीच कापून घेतल्या जाणाऱ्या कराची, पण उगाच भीती घातलीये. मार्केटप्लेस नंबरवाल्यांचे ०.५ टक्के कापतो (१० जुलै २०२४ च्या आधी १ टक्का होता), पण ते जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्याच खात्यात (कॅश लेजरला) जमा होतात आणि टॅक्स भरायला वापरता येतात. महिनाभर पैसे अडकतात, बुडत नाहीत.

लहान माणसाला खरं काय मारतं ते मेसेजमध्ये आलंच नाहीये, ते म्हणजे जीएसटी रिटर्नचा, म्हणजे सरकारला द्यायच्या हिशोबाचा, ठरलेला खर्च. समजा रिटर्न भरणारा महिन्याला हजार रुपये घेतो आणि तुमच्या ऑर्डरी चाळीस, तर प्रत्येक पार्सलवर २५ रुपये बसले. कुर्तीवर टॅक्स चाळीस पैसे आणि कागदपत्रांचे पंचवीस रुपये! चारशे ऑर्डरी असतील तर तेच अडीच रुपये. म्हणून नंबर घ्यायचा की नाही हे दरावर नाही, ऑर्डरींच्या संख्येवर आणि पार्सल कुठे जातं त्यावर ठरवा. विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावाच लागतो, राहिला तर दिवसाला २० रुपये, विक्री असेल तर ५० रुपये लेट फी. पाच कोटींपर्यंत तिमाही रिटर्नची सोय आहे, ती निवडली की खर्च बराच आटोक्यात येतो, तुमच्या माणसाला आवर्जून विचारा.

आणि सुटका नाही म्हणतात ते साफ खोटं. उलाढाल मर्यादेत असेल आणि राज्याबाहेर विकणं बंद केलं तर पोर्टलवर रद्द करायचा अर्ज करता येतो. अर्जाआधीचे राहिलेले रिटर्न भरायचे, शिल्लक मालावर घेतलेलं क्रेडिट परत करायचं आणि रद्द झाल्यावर तीन महिन्यांत फायनल रिटर्न द्यायचा. नंबर घ्यायला सरकारी फी नाही, रद्द करायलाही नाही.