‘चोरासारखे रात्री आले’ या रिव्ह्यूला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री मुलीनं मोबाइलवर वाचून दाखवला. एक स्टार, आणि खाली लिहिलंय: ‘सकाळी १० ची वेळ देऊन रात्री ९ ला चोरासारखे बॅटरी घेऊन आले. १५०० रुपये घेतले, नवव्या दिवशी किडे परत हजर. ३ कोंबड्या मेल्या. अंडी उबवत बसलेल्या खुडूक कोंबडीखालची ११ अंडी उचलून नेली. परत यायचे पुन्हा पैसे मागतात. कुणीही यांना बोलावू नका.’

कोंबड्यांची खुराडी साफ करून किड्यांवर फवारणी करायचं काम माझं, म्हणून आधी माफी मागतो. १० ला येतो म्हणालो आणि आलो नाही. कवलापूरला एका शेडवर काम लांबलं होतं, पण एक फोन करायला काय वेळ लागतो? तो केला नाही, ही माझी चूक. कोंबड्या गेल्या त्याचंही मनापासून वाईट वाटलं. मी स्वतः कोंबड्यांवर घर चालवतो, कोंबडी जाणं म्हणजे काय ते मला कळतं.

पण ‘चोरासारखे’ हा शब्द मला लागला. सांगलीजवळच्या हरिपुरात माझ्या वडिलांनी हळद साठवायच्या जमिनीतल्या पेवांवर हमाली केली. दुसऱ्याचा माल आयुष्यभर हाताळला, कधी कुणी बोट दाखवलं नाही. त्यामुळं या एका शब्दाबद्दल मला जरा सविस्तर बोलू द्या.

त्या दिवशी संध्याकाळी ७ ला मी तुमच्या घरी फोन केला होता. तुमच्या सासूबाईंनी उचलला. ‘रात्री नऊला खुराडं बघायला येतो, चालेल का?’ असं विचारलं, त्या म्हणाल्या, ‘या.’ गेट त्यांनीच उघडलं. बॅटरी माझी होती, पण खुराड्यापाशी ती आजींनी धरली होती, कारण माझ्या एका हातात कोंबडी आणि दुसऱ्या हातात पांढरं फडकं होतं. तुम्ही क्लासवरून आलात तेव्हा आम्ही दोघं वाकून बघत होतो. तुम्हाला न सांगता परड्यात माणूस दिसला, तुम्ही दचकलात, कुत्रं भुंकलं, हे सगळं मान्य. पण मी कुंपणावरून आलो नव्हतो.

आता रात्रीच का, ते सांगतो. सकाळी १० ला आलो असतो तरी रात्रीची एक फेरी मला मारावीच लागली असती. तुमच्या कोंबड्यांना झालेला तो लाल माइट. आपल्याकडं लोक सरसकट ‘पिसवा झाल्या’ नाहीतर ‘उवा झाल्या’ म्हणतात, पण हा किडा वेगळा. उवा कोंबडीच्या अंगावर, पिसातच राहतात, दिवसा पिसं उलटी करून बघितलं की दिसतात. लाल माइट दिवसा कोंबडीवर नसतो. बसायच्या दांड्याच्या टोकाला, बांबूच्या चिरेत, पत्र्याच्या दुमडीत, अंड्याच्या खोक्यामागं असा दडून बसतो. अंधार पडला की बाहेर येतो, झोपलेल्या कोंबडीचं रक्त पितो आणि पोट भरलं की परत फटीत जातो. आकारानं जेमतेम एक मिलिमीटर. उपाशी असला तर राखाडी दिसतो, रक्त प्यायला की लाल. अजून एक जात आहे, ती रात्रंदिवस कोंबडीच्या अंगावरच असते, शेपटीखाली काळपट घाण दिसते. त्या जातीला औषध कोंबडीला करावं लागतं, लाल माइटला औषध खुराड्याला. कुठला किडा आहे हे न बघता फवारलं तर पैसेही जातात आणि औषधही फुकट जातं. म्हणून रात्री बघायचं.

त्या रात्री पांढरं फडकं दांड्याच्या खालून फिरवलं तेव्हा त्यावर लाल रेघा उमटल्या, त्या आजींनी बघितल्या, तुम्हीपण बघितल्यात. ‘अगं बाई, हे रक्त?’ असं तुम्हीच म्हणालात. तोपर्यंत तुम्ही दोन वेळा कोंबड्यांना कुत्र्याच्या शाम्पूनं आंघोळ घातली होती, कारण दिवसा अंगावर काही दिसत नव्हतं. मी तेव्हा काही बोललो नाही, आताही दोष म्हणून सांगत नाही, तुम्ही काळजीपोटीच केलंत. पण किडा राहिला फटीत आणि आंघोळ घातली कोंबडीला. थंडीत ओल्या कोंबड्या उलट आणखी खचतात. तुमच्या हातावर पुरळ उठलं होतं आणि तुम्ही त्वचेच्या डॉक्टरांकडं जाऊन आला होतात, तेही मला या माइटचंच वाटलं. खुराड्यात हात घालणाऱ्या माणसाला तो चावतो. आणि तुम्हीच म्हणाला होतात की कोंबड्या आठ दिवस संध्याकाळी खुराड्यात जायलाच तयार नाहीत, पेरूच्या झाडावर जाऊन बसतात. आत रात्री काय होतं ते त्यांना माहीत होतं.

फवारणी मी रात्री केलेली नाही, हे रिव्ह्यूत आलं नाही म्हणून लिहितो. दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ला आलो, कोंबड्या मोकळ्या सोडल्या, खाद्यपाण्याची भांडी बाहेर काढली. खालचं सगळं तूस खरडून लांब नेऊन जाळलं. पत्रा आणि लोखंडी जाळी फ्लेमगननं भाजली. बांबूला आग लावता येत नाही, त्यावर उकळतं पाणी ओतलं, दोन पातेली आजींनी तापवून दिली. वाळल्यावर डेल्टामेथ्रिन फवारलं, पशुवैद्यकीय डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानं, फटीफटीत. मग भिंतीला चुन्याचं दाट पूट दिलं, त्यानं बारीक चिरा बुजतात. दांड्याच्या टोकांना जळकं ऑइल लावलं. पूर्वी रॉकेल लावायचे, आता रॉकेल कुठं मिळतं. साडेअकरा वाजले. चहा आजींनी दिला. १५०० त्याचे घेतले, रात्रीच्या फेरीचे घेतले नाहीत. शेजारच्या काकांनी तुम्हाला द्राक्षावरचं उरलेलं औषध मारायला सांगितलं होतं, ते मी हात जोडून नको म्हणालो होतो, आठवत असेल. ते स्वस्त पडलं असतं, पण कोंबड्याही वाचल्या नसत्या आणि ती अंडी खाणाऱ्यालाही त्रास झाला असता.

नवव्या दिवशी किडे दिसले, ते खरं असणार. पण निघताना मी सांगितलं होतं की दुसरी फवारणी आठव्या दिवशी, आणि ती याच १५०० मध्ये. औषधानं चालते-फिरते किडे मरतात, फटीतली अंडी मरत नाहीत. ती दोन-तीन दिवसांत फुटतात आणि आपल्याकडच्या हवेत आठवड्याभरात पिल्लाचा पुरा किडा होऊन तो परत अंडी घालायला लागतो. त्याच्या आत दुसरा मारा झाला तरच वंश तुटतो. आठव्या दिवशी सकाळी मी तुमच्या गेटवर होतो. कुलूप. फोन लावला तर तुम्ही मिरजेला लग्नात होतात आणि म्हणालात, ‘आता एकही दिसत नाही, पुढच्या आठवड्यात बघू.’ मी तेव्हा जोर करून सांगायला पाहिजे होतं, तसं सांगितलं नाही. गिऱ्हाइकाला किती वेळा म्हणायचं, याचा संकोच वाटतो. अकराव्या दिवशी तुमचा फोन आला तेव्हा मी ३०० मागितले, पेट्रोल आणि नव्या औषधाचे. मागितले, घेतलेले नाहीत. पण मागायला नको होते, हे लिहिताना कळतंय.

बांबूच्या कामट्यांबद्दलही तेव्हाच बोललो होतो. तुमचं खुराडं दिसायला सुंदर आहे, पण बांबूच्या प्रत्येक जोडात या किड्याला घर मिळतं. शिवाय ते जुनं आणलेलं. पावसाळाभर कुणाकडं तरी रिकामं पडलं होतं, म्हणून तुम्हाला वाटलं की किडा असला तरी मेला असेल. हा किडा गारव्यात काही न खातापिता महिनोन्‌महिने तग धरतो. गुळगुळीत गोल दांडा बसवा, टोकं भिंतीला टेकू देऊ नका, असं म्हणालो, तर तुम्ही म्हणालात, ‘शोभा जाईल.’ तो तुमचा निर्णय होता. मी काम तेवढंच केलं जेवढं सांगितलं.

तीन कोंबड्यांचं. पहिल्या रात्रीच तिघींचे तुरे पांढरे पडले होते, लाल नव्हे, फिक्कट गुलाबीसुद्धा नव्हे. रक्तच राहिलं नव्हतं अंगात. खुडूक बसलेली तांबडी सगळ्यात वाईट अवस्थेत होती, कारण बाकीच्या निदान झाडावर तरी जात होत्या, ही अंडी सोडून रात्रभर जागची हलत नव्हती. किडे तिच्यावरच तुटून पडले होते. मी आजींना सांगितलं की या तिघींना उद्याच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, रक्त भरून यायचं औषध लागेल. फवारणीनं किडा मरतो, गेलेलं रक्त परत येत नाही. पण हे मी आजींना सांगितलं, तुम्हाला समोर बसवून सांगितलं नाही, कागदावरही लिहून दिलं नाही. ते माझ्याकडून राहिलं. औषधानं कोंबड्या मेल्या असं तुम्हाला वाटलं असेल तर ते तसं नाही. फवारणीच्या वेळी त्या तिघी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला डालग्याखाली होत्या.

हा रिव्ह्यू आल्यापासून कुपवाडच्या एका गिऱ्हाइकानं काम रद्द केलं आणि एकानं फोनवर विचारलं, ‘तुम्ही रात्रीच येता का?’ २०१९ च्या महापुरात माझं शेड गेलं. डीपी क्रॉस जातीच्या कोंबड्यांची १८० पाखरं होती, एकही वाचवता आलं नाही. २०२१ ला परत पाणी आलं, तेव्हा ठरवलं की आता स्वतःची पाखरं वाढवण्याच्या नादाला लागायचं नाही, लोकांची सांभाळायची. खुराडी बांधून देणं, साफ करणं, फवारणी, एवढ्यावर घर आहे आणि मुलीचं पॉलिटेक्निक आहे. मोठ्या पोल्ट्रीवाल्यांकडं माणसं असतात, परसात दहा-बारा कोंबड्या पाळणाऱ्याकडं कुणी जात नाही. मी जातो. म्हणून एवढं लिहिलं, राग मानू नका.

इथून पुढं वेळेआधी फोन करीन, लिहून देईन, जे काही सुधारता येईल ते सुधारतो. तुमची दुसरी फवारणी पैसे न घेता करून देतो. फवारणीनंतर कोंबड्या आणि अंडी किती दिवस खायची नाहीत तेही डॉक्टरांना विचारून लिहून आणतो.

राहिली ती ११ अंडी. तांबडीला त्या रात्री अंड्यांवरून उठवली नसती तर ती सकाळपर्यंतही टिकली नसती. अंडी नऊ दिवसांची बसलेली होती, गार पडली असती तर आतली पिल्लं गेली असती. आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, ‘तुमच्याकडं खुडूक असेल तर हिची पोरं तरी जगवा.’ त्यांनीच वेताच्या टोपलीत जुनी सुती साडी घालून दिली. मी एकेक अंडं पुसून, फटीतला एखादा किडा बरोबर येऊ नये म्हणून बॅटरीखाली बघून, घरी माझ्या काळ्या खुडूक कोंबडीखाली ठेवलं. वाटेत गाडी वीसच्या वर पळवली नाही.

बाराव्या दिवशी ७ पिल्लं निघाली. त्या दिवशी तुम्हाला दोन फोन केले, उचलले नाहीत, मग तुमचा रिव्ह्यू आला. पिल्लं तुमची आहेत, टोपली आणि साडीसुद्धा. काळी त्यांना पंखाखाली घेऊन बसते, दोन तांबडी आहेत, आईवर गेलेली. पण खुराड्याची दुसरी फवारणी होऊन वर आठ दिवस रात्रीचं फडकं कोरं निघेपर्यंत ती नेऊ नका. ते फडकं बघायला मात्र मला अंधार पडल्यावरच यावं लागेल. कुठल्या दिवशी येऊ ते आजींना विचारून कळवा.