सात दिवसांत दूध दुप्पट? हमी नेमकी कशाची देता?

नाशिकमध्ये गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंतच्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. पाठवणारीचं नाव बदलतं, मजकूर तोच राहतो. सार असं: प्रत्येक आईला भरपूर दूध येतंच, येत नसेल तर तिला योग्य मार्गदर्शन मिळालेलं नाही. आमच्या पद्धतीने सात दिवसांत दूध दुप्पट आणि डबा, म्हणजे पावडरचं दूध, कायमचा बंद. डॉक्टर डबा लिहून मोकळे होतात, त्यांचं ऐकू नका. आमचा शतावरीचा कल्प सोबत घ्या. द्राक्षं आणि दही बंद. सेवा ‘सर्टिफाइड’, हमी शंभर टक्के, फरक पडला नाही तर पैसे परत. खाली हसऱ्या आयांचे फोटो आणि ‘नाशिक, सिन्नर, दिंडोरी घरपोच’.

मीही हेच काम करते, हे आधीच सांगून टाकते. घरी जाऊन बाळंतिणींना पाजायला मदत करते आणि त्याचे पैसे घेते. तेव्हा ‘हिच्या पोटावर पाय आला म्हणून बोलतेय’ असं कुणाला वाटलं तर वाटू दे. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, मग वरच्या जेवणासोबत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मलाही मान्य आहे आणि त्या मजकुरालाही. माझं भांडण हमीशी आहे.

‘प्रत्येक आईला भरपूर दूध येतंच.’

बहुतेक आयांना येतं, हे खरं. ‘दूध पुरत नाही’ म्हणून जिथून फोन येतो तिथे पुष्कळदा दूध पुरेसंच असतं. काही आठवड्यांनी छाती मऊ पडते, बाळ संध्याकाळी दोन-दोन तास सोडत नाही, रात्री उठून रडतं, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘हिचं आटलं.’ प्रत्यक्षात बाळाचं वजन छान भरत असतं. अशा घरात निम्मं काम धीर देण्याचंच असतं.

पण काही बायकांना सगळं नीट करूनही पुरेसं दूध येत नाही. कुणाच्या स्तनात दूध तयार करणाऱ्या ग्रंथीच मुळात कमी असतात. कुणाचं स्तनाचं ऑपरेशन झालेलं असतं, कुणाचा थायरॉइड मंदावलेला असतो. वारेचा तुकडा आत राहिला तर दूध उतरायला उशीर होतो. बाळंतपणात फार रक्त गेलं तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीला धक्का बसून दूध जवळजवळ येतच नाही, असंही घडतं. मधुमेहात किंवा सिझेरियननंतर उशीर होऊ शकतो. कधी अडचण बाळाकडून असते. पस्तीस-छत्तीस आठवड्यांचं बाळ दिसायला गुटगुटीत असलं तरी ओढताना दमून झोपतं. टाळू दुभंगलेलं किंवा हृदयाचा दोष असलेलं बाळ जोर लावू शकत नाही.

अशा आया संख्येने थोड्या आहेत, पण असा मजकूर वाचून फोन करणाऱ्यांमध्ये त्यांचं प्रमाण एरवीपेक्षा जास्त सापडणार, कारण त्या खरंच अडचणीत असतात. त्यांना आधी थायरॉइडची तपासणी, सोनोग्राफी, बाळाची तपासणी लागते. ‘तुला योग्य मार्गदर्शन मिळालं नाही’ हे वाक्य त्यांचे तपासणीचे दिवस खाऊन टाकतं.

‘सात दिवसांत दूध दुप्पट.’

हे वचन देणारीला निसर्गाने आधीच जिंकून दिलेलं असतं. पहिल्या दिवशी चीक येतो तो सगळा मिळून दोन-तीन मोठे चमचे. साधारण ३० ते ७२ तासांत दूध भरायला लागतं, पाचव्या दिवसापर्यंत दिवसाला अर्ध्या लिटरच्या आसपास जातं आणि महिनाभरात पाऊण लिटरच्या घरात स्थिरावतं. म्हणजे तिसऱ्या दिवशी पैसे भरणाऱ्या आईचं दूध दहाव्या दिवशी वाढलेलं असणारच. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, तसं ते आरवलं म्हणूनही उजाडत नाही. उलट तीन महिन्यांच्या बाळाच्या आईचं दूध दुप्पट करायचं तरी कशाला? बाळाला तेवढं लागतच नाही. मग छातीत गाठी, ताप आणि दाह मात्र पदरात पडतात.

दूध वाढतं ते मुख्यतः बाहेर काढल्याने. नवजात बाळाला दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणं, तोंडात नुसतं स्तनाग्र न देता भोवतीचा काळा भाग बऱ्यापैकी जाईल असं धरणं, बाळाला उघड्या छातीवर ठेवणं, आणि बाळ ओढत नसेल तर हाताने किंवा पंपाने काढणं. एवढं केल्यावर वाढण्याची शक्यता चांगली असते. शक्यता चांगली आहे, हे सांगण्यात खोटं काही नाही. त्याच्या पुढे जाऊन आकडा दिला की खोटं सुरू होतं.

‘डबा कायमचा बंद.’

इथे मला खरी भीती वाटते. वरचं दूध चालू असलेलं बाळ बऱ्याचदा तेवढ्याचसाठी तग धरून असतं. आईचं दूध वाढल्याची खात्री न करता, फोनवर सांगून एका दिवसात वरचं बंद केलं, तर बाळ सुकतं. ते रडून सांगेल, असंही नाही. उपाशी बाळ आधी रडतं आणि मग शांत झोपायला लागतं. घरात सगळे खूश, ‘बघा, आता पोट भरतंय.’ नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, दुपट्यात घट्ट गुंडाळलेल्या बाळाच्या अंगातलं पाणी कमी होऊन रक्तात सोडियम वाढत जातं. चौथ्या-पाचव्या दिवसानंतरही लंगोटावर विटकरी डाग दिसतात, तोंड कोरडं पडतं, कावीळ वाढते. नवजात कक्षात दाखल होणाऱ्या अशा बाळांच्या आया बहुधा अगदी मनापासून फक्त अंगावर पाजत असतात.

म्हणून ज्या सेवेत वजनकाटा नाही, तिच्यावर मी विश्वास ठेवणार नाही. जन्मानंतर पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं. ७ टक्क्यांच्या पुढे गेलं तर लक्ष द्यायचं, १० टक्क्यांच्या पुढे डॉक्टरकडे न्यायचंच. दोन आठवड्यांत बाळ जन्मवजनावर परत यायला हवं, मग पहिले तीन महिने दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू. वरचं दूध कमी करायचं ते या नोंदी बघत, टप्प्याटप्प्याने. ‘सात दिवसांत’ ही मुदत ज्याने आधीच ठरवली आहे, त्याला काट्यावरचा आकडा अडचणीचाच वाटणार.

‘डॉक्टर डबा लिहून मोकळे होतात, त्यांचं ऐकू नका.’

या तक्रारीचा पहिला भाग हवेतला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशात पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळं ४१.८ टक्केच निघाली. खाजगी दवाखान्यांतल्या बाळंतपणांत सिझेरियनचं प्रमाण ४७.४ टक्के होतं. ऑपरेशननंतर आई एका खोलीत, बाळ दुसरीकडे, आणि पहिल्या रात्री विचारपूस न करता पावडरचं दूध, हा अनुभव कितीतरी जणींचा आहे. वैद्यकीय गरज असल्याशिवाय नवजात बाळाला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नका, हे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ १९८९ पासून दवाखान्यांना सांगत आली आहेत. न विचारता डबा दिला गेला तर आईने कारण विचारावं, जरूर विचारावं.

पण ‘ऐकू नका’ हे सांगायचा अधिकार स्तनपान सल्लागाराला नाही. निदान करणं आमचं काम नाही आणि लिहून दिलेलं औषध किंवा दूध थांबवणंही नाही. साखर उतरणारं बाळ, दीड किलोच्या आतलं बाळ, गॅलॅक्टोसीमियासारखा दुर्मिळ आजार असलेलं बाळ यांच्यासाठी वरचं दूध द्यावं लागतं, कधी थोडे दिवस, कधी कायम, आणि ही कारणं जागतिक आरोग्य संघटनेनेच यादी करून दिलेली आहेत. मला जे दिसलं ते मी आईच्या संमतीने बाळाच्या डॉक्टरांना लिहून कळवते. मतभेद असला तर तोही त्याच चिठ्ठीत मांडते. आईला दोघांच्या मध्ये उभं करून ‘त्यांचं की माझं’ विचारणं हा बाळंतिणीवर अन्याय आहे.

मजकुरात डब्याला ‘विष’ही म्हटलं आहे. वरचं द्यावं लागलंच तर क्रम ठरलेला आहे: आधी आईचंच काढलेलं दूध, नंतर दुग्धपेढीतलं, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं, मग पावडरचं. मुंबईत शीव रुग्णालयात १९८९ साली सुरू झालेली दुग्धपेढी आशियातली पहिली, म्हणजे ही सोय आपल्याच राज्यातून पुढे गेली. बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा आजीच्या कपाटातलं बोंडलं, नीट उकळून घेतलेलं. गरजेपोटी पावडर देणाऱ्या आईला ‘विष पाजतेस’ म्हटलं की ती ते लपून देते, पाणी जास्त घालून पुरवते, आणि सल्लागाराला खोटं सांगते. मग वजनाचा हिशोब लावायचा कसा?

‘आमचा कल्प सोबत घ्या.’

शतावरी, हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा. बाळंतिणीने आवडीने खावं, त्यात अन्न आहे, माया आहे. यातल्या कशानेही दूध अमुक इतकं वाढतं असं ठाम म्हणण्याजोगा पुरावा नाही. शतावरीवर झालेले अभ्यास छोटे आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. काही ठिकाणी कल्पाच्या पुढे जाऊन गोळीचं नावही फोनवर सांगितलं जातं. दूध वाढवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या डॉम्पेरिडोन या गोळीने काही जणींच्या हृदयाच्या ठोक्यांत बिघाड होऊ शकतो. ते डॉक्टरांनीच, आईची तपासणी करून लिहायचं औषध आहे.

त्याहून मोठा प्रश्न, दूध कमी आहे की नाही हे ठरवणारी आणि दूध वाढवायचा कल्प विकणारी एकच असावी का? आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, २००३ साली तो आणखी कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीचं पावडरचं दूध, बाटल्या आणि बाळअन्न यांची जाहिरात करायला बंदी आहे, आणि या कंपन्यांनी आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटी किंवा पैसे द्यायलाही. कल्प त्या कायद्यात बसत नाही, पण कायद्यामागचं कारण इथेही तेच लागू होतं. पंप, स्तनाग्रावर लावायची शील्ड, कल्प, कशावरही कमिशन असेल तर ते सल्ला देण्याआधी सांगावं. मी काही विकत नाही. विकलं असतं तर प्रत्येक आईचं दूध मलाही थोडं कमीच वाटलं असतं, माणूस आहे.

‘द्राक्षं आणि दही बंद.’ का? ऐन हंगामात, पिंपळगावचा माल दारात येत असताना, बाळंतिणीने तोंड बांधून बसायला कारण लागतं आणि ते कुणी देत नाही. आईने द्राक्षं खाल्ल्याने बाळाला सर्दी होत नाही. फवारणीची शंका म्हणून नीट धुऊन खावीत, ती सगळ्यांनीच.

‘सर्टिफाइड.’ कोणाचं सर्टिफिकेट, हे विचारा. आयबीसीएलसी हे स्तनपान सल्लागारांचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र घ्यायचं तर स्तनपानावरचं ९५ तासांचं शिक्षण, मार्गानुसार ३०० ते १००० तास प्रत्यक्ष काम आणि मग परीक्षा, दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्यांच्या आचारसंहितेत गोपनीयता, हितसंबंध उघड करणं आणि खरी माहिती देणं हे सगळं येतं. काही तासांच्या ऑनलाइन वर्गानंतर तीच पाटी लावणारेही आहेत. वर्ग वाईट असेलच असं नाही, पाटी मात्र फसवी. आणि खरी आयबीसीएलसी असली म्हणून तिला दुधाची हमी देता येते असंही नाही.

फोटोंबद्दल. पाजतानाचे फोटो आणि आईशी झालेले खाजगी संवाद ‘फरक बघा’ म्हणून पुढे पाठवले जातात. नववा दिवस, झोप नाही, टाके दुखताहेत, आणि जिने मदत केली तीच विचारते ‘टाकू का?’ कोण नाही म्हणेल? शिवाय जिचं दूध वाढलं नाही, तिचा फोटो कुठेच नसतो.

‘फरक पडला नाही तर पैसे परत.’

हा मजकुरातला सगळ्यात चलाख भाग. पैसे मागायला गेलं की अट पुढे येते: ‘सांगितलेलं सगळं शंभर टक्के पाळलं असेल तर.’ दिवसातून बारा वेळा पाजणं, मध्ये पंप, रात्री दोनला गजर, कल्प दोनदा, ‘टेन्शन घ्यायचं नाही’. हे शंभर टक्के पाळणारी बाळंतीण जगात नाही. म्हणजे यश आलं तर पद्धतीचं, आणि आलं नाही तर दोष आईचा. पैसे जातात ते जातात, वर ‘मीच कमी पडले’ हे तिच्या डोक्यात बसतं, तेही बाळंतपणानंतर मन आधीच हळवं असतं अशा दिवसांत.

मी काय देते ते पावतीवर लिहिलेलं असतं: एक पूर्ण पाजणं बसून बघणार, आधी-नंतर वजन घेणार, काय दिसलं ते लिहून देणार, ठरलेल्या दिवशी फोन करणार, माझ्या आवाक्याबाहेरचं असेल तर कुणाकडे जायचं ते सांगणार. यातलं काही केलं नाही तर पैसे परत मागा. दुधाच्या वाढीचा रकाना पावतीवर नाही.

आणि पैसे न देताही बरंच मिळतं. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी यायचं असतं, वजनकाटा घेऊन. आली नाही तर अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात विचारा. बाळ सुस्त वाटलं, पाजायला उठत नसलं, शू कमी झाली, तर कुणाच्याही फोनची वाट न बघता बाळाचे डॉक्टर किंवा जिल्हा रुग्णालय गाठा.

ज्यांनी त्या मजकुराच्या भरवशावर पैसे भरले आहेत, त्यांनी मजकूर, पावती आणि संवाद जपून ठेवावेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, आणि नाशिकमध्ये जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही मोकळा आहे.