आजीचा गोवर आणि पंधराचा आकडा

कुणाच्या पोराला गोवर झाला की आमच्या फॅमिली ग्रुपवर ठरलेला खेळ सुरू होतो. मावशी लिहिणार, "अगं, गोवर सगळ्यांनाच निघतो. उशाशी कडुलिंबाचा पाला ठेव." भाचा लगेच 'एकापासून १२ ते १८ जणांना' हा आकडा आणून टाकणार. मग भांडण. दोघं एकच गोष्ट सांगताहेत, हे दोघांनाही पटत नाही.

आमची आजी जुन्या नाशकात, भद्रकालीच्या वाड्यात वाढली. एकाला गोवर निघाला की पंधरवड्यात वाड्यातली सगळी पोरं अंथरुणात, आणि शाळेत जायच्या आत बहुतेकांचा उरकलेला, असं ती सांगायची. हे मोजमापच झालं की! लस नसतानाच्या काळासाठी एक ढोबळ हिशोब आहे: सरासरी आयुर्मान भागिले लागणीचं सरासरी वय. आयुर्मान ६० आणि लागणीचं वय ४ धरलं, तर ६० भागिले ४, आले १५. म्हणजे कुणाच्याच अंगात प्रतिकारशक्ती नसेल, तर एक रोगी सरासरी १५ जणांना रोग देणार. रोग जितका पसरणारा, तितका तो लहान वयात गाठतो.

हा आकडा जीवघेणेपणाचा नाही, बरं का. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस जवळपास वाचतच नाही, पण माणसाकडून माणसाला तो जवळजवळ पसरतच नाही.

आता माझं खरं दुखणं. '९० टक्के लसीकरण' ऐकलं की आपण निवांत. उरले १० टक्के. १५ चा दहावा भाग दीड, म्हणजे एक रोगी सरासरी दीड जणांना रोग देणार. तो एकाच्या वर आहे, म्हणजे साथ वाढणारच. (लस शंभर टक्के लागू पडते असं धरून, आणि तशी ती पडत नाही.) ९५ टक्क्यांचा आग्रह म्हणूनच असतो. त्यात ९० ही सरासरी. समजा एका कॉलनीत ९८ आणि पलीकडच्या गल्लीत ६०, तर त्या गल्लीत एकापासून सहा जण. २०२२ च्या अखेरीस आपल्याच जिल्ह्यात, मालेगावात, गोवराची साथ आली होती. शहराच्या सरासरीत अशी गल्ली दिसत नाही.

आणि 'पुरळ दिसलं की बाळाला वेगळं ठेवू' याचाही फारसा उपयोग नाही. पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासूनच गोवर पसरत असतो.

काल मावशीला एवढंच विचारलं, नातवाचा दुसरा डोस झाला का? सोळा महिने ते दोन वर्षं हे त्याचं वय. उत्तरादाखल तिने कडुलिंबाच्या डहाळीचा फोटो पाठवला.