उसने देण्याआधी पाकिटं फोडा

कर्जात बुडालेल्या मित्राला ‘धीर द्या, जमेल तसे पैसे उसने द्या’ असा सल्ला एका लेखात वाचला. धीर ठीक आहे. पण उसने पैसे बहुतेक वेळा जो वसुलीवाला जास्त ओरडतो त्याच्याकडे जातात, म्हणजे क्रेडिट कार्डाकडे. घर तारण आहे ते गृहकर्जाला, आणि तो हप्ता तसाच थकून राहतो.

त्यापेक्षा एक दुपार काढून त्याच्यासोबत कपाटात कोंबलेली, बँकांच्या पत्रांची न उघडलेली पाकिटं फोडा. प्रत्येक कर्जापुढे लिहा: बाकी, व्याजदर, थकलेले हप्ते, तारण काय, जामीनदार कोण. नोटीस हातात पडल्याची तारीखही टिपा. उत्तराची मुदत बऱ्याचदा तिथूनच मोजतात. मग बँकेला नुसता फोन नको, लेखी अर्ज द्या: उत्पन्न का घटलं, दरमहा नक्की किती भरता येईल. सोबत पगारपत्रक, सहा महिन्यांचा खातेउतारा. पोच घ्याच. भिडेपोटी आकडा फुगवला, तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच हप्ता चुकतो आणि मिळालेली सवलतही जाते.

बँकेने थकबाकीसाठी केलेल्या लिलावापेक्षा मित्राने स्वतः घर विकलं तर सहसा बरी किंमत येते. हे बोलायला जड जातं, पण मुदत हातात असतानाच बोला. मैत्रीखातर नव्या कर्जाला जामीन मात्र राहू नका. हप्ते थकले की बँक तुमच्याही दारात येते.